गुण आणि बाधा : मज्जारोपणाच्या उपद्रवांचा एक इतिहास

चैत्र पौर्णिमेला पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलाबी होतो. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, जोतिबाला दवणा वाहिला जातो आणि ज्या घराण्यांचे हे कुलदैवत आहे, ती माणसे नवस फेडायला डोंगर चढतात. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाने एकदा देवाच्या पायांवर डोके ठेवून यावे, ही आपल्याकडची जुनी आणि साधी अपेक्षा आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याच्या मूलपेशींचे रोपण झालेल्या रुग्णाला मात्र घरी सोडताना जी पथ्ये सांगितली जातात, ती वाचली की हे यात्रेचेच वर्णन कोणीतरी उलटे करून लिहिले आहे असे वाटते. गर्दीत जाऊ नये. धुळीत आणि उडणाऱ्या भुकटीत जाऊ नये. ताजी फुले, कुंडीतली माती, ओला पाला जवळ ठेवू नये. न शिजवलेले, उघड्यावरचे, अनेक हातांतून आलेले काही खाऊ नये. म्हणजे गुलाल नाही, दवणा नाही, प्रसादही नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशी यादी दस्तऐवज म्हणून वाचायला हवी. त्यातल्या प्रत्येक निषेधामागे कोणाचा तरी मृत्यू आहे. धूळ आणि माती निषिद्ध ठरली, कारण तिच्यातून ॲस्परजिलस नावाची बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते. तुमच्याआमच्या शरीराला ती कळतही नाही, पण पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीराचा ती बळी घेते. न शिजवलेले अन्न निषिद्ध ठरले, ते त्यातल्या जिवाणूंमुळे. ही पथ्ये ऐकायला सोवळ्यासारखी वाटतात. पण त्यांना परंपरेचा आधार नाही, शवविच्छेदनाच्या टेबलावर जमा झालेल्या अनुभवाचा आहे. मूलपेशीरोपणाची कथा सहसा विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखात ती उपद्रवांच्या बाजूने सांगण्याचा प्रयत्न केला आहे, कारण या उपचाराचे मर्म त्याच्या उपद्रवांतच दडलेले होते आणि ते उमगायला वैद्यकाला वीसहून अधिक वर्षे लागली.

शब्दांचा प्रश्न

आधी शब्दांविषयी. 'साइड इफेक्ट' या शब्दासाठी आपण 'दुष्परिणाम' हा शब्द रूढ केला. त्यात एक गृहीतक आहे : औषधाचा मुख्य परिणाम वेगळा, वाईट परिणाम वेगळा, पहिला ठेवून दुसरा वगळता आला की काम झाले. घरगुती मराठीत मात्र याहून जुनी जोडी आहे. औषधाचा 'गुण येतो' आणि औषध 'बाधते'. कोणाला कशाने गुण येईल आणि कोणाला तेच कसे बाधेल, हे माणसावर अवलंबून असते, असे या भाषेला ठाऊक आहे. आयुर्वेदाने आणखी एक नेमका शब्द दिला आहे : उपद्रव. मूळ व्याधीच्या मागून, तिच्याच आश्रयाने उद्भवणारी दुसरी व्याधी म्हणजे उपद्रव. आज आपण हा शब्द डासांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी वापरतो, ही गोष्ट निराळी. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधील संशोधकांना प्रयोगशाळेतल्या उंदरांत जे दिसले, त्याला त्यांनी 'दुय्यम व्याधी' अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा ते नकळत याच शब्दाजवळ आले होते.

'रोपण' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. या उपचारात रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही. आधी तीव्र रसायने किंवा किरण देऊन त्याची रोगट मज्जा नष्ट केली जाते. मग दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून सोडल्या जातात आणि त्या आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात. दोन ते चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, तर रोपाने जीव धरला असे म्हणायचे. पंचगंगेच्या काठी भाताची रोप लावण पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रान तयार करायचे, तण काढायचे, रोप लावायचे. अडचण एवढीच, की येथे रान म्हणजे जिवंत माणूस असतो. तोंडभर फोड, गिळता न येणे, उलट्या, जुलाब, केस जाणे, यकृतातील बारीक शिरा तुंबणे, पुढे वंध्यत्व, मोतीबिंदू, थायरॉइडची मंदी आणि क्वचित अनेक वर्षांनी दुसराच कर्करोग : ही सगळी त्या मशागतीची किंमत आहे. अर्थात हे उपद्रव समजण्यासारखे होते. विष दिले, विषाने बाधा केली. कोडे दुसऱ्याच उपद्रवाचे होते.

अणुयुगाचे अपत्य

१९४५ नंतर अणुबाँबच्या किरणांनी माणसे मरतात कशी, याचा शोध युद्धपातळीवर सुरू झाला. किरणांनी सर्वांत आधी मज्जा मरते, हे लक्षात आले होते. १९४९ साली शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी दाखवले, की उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर तो मारक मात्रेतूनही वाचतो. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या प्राण्यांना मज्जेची सुई टोचून वाचवले. कोणतेतरी रासायनिक द्रव्य हे काम करत असावे, असा प्रथम समज होता. १९५६ साली इंग्लंडमधील हारवेल येथील अणुसंशोधन केंद्रात फोर्ड आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की वाचलेल्या उंदराच्या मज्जेत दात्याच्याच पेशी नांदत होत्या. अशा प्राण्याला त्यांनी 'कायमिरा' म्हटले. ग्रीक पुराणातील सिंह, बोकड आणि सर्प यांच्या मिश्रणातून झालेला तो प्राणी. आपल्याला सहज नरसिंह आठवावा.

त्याच वर्षी हारवेलच्या बार्न्स आणि लौटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर हा उपाय करून पाहिला. दुसऱ्या वंशाच्या उंदराची मज्जा दिली तेव्हा ल्युकेमिया हटल्यासारखा वाटला. पण उंदीर काही आठवड्यांनी झिजून, जुलाब होऊन मेले. हीच ती 'दुय्यम व्याधी'. तिचा उलगडा पुढे झाला. मूत्रपिंड बदलले तर शरीर परक्या अवयवाला हुसकावू पाहते. मज्जेच्या बाबतीत चित्र उलटते, कारण शरीराचे संरक्षक सैन्य मज्जेतूनच तयार होते. पाहुणा सैन्य घेऊन घरात येतो आणि घरच्यालाच परका ठरवतो. त्वचा, यकृत आणि आतडी यांवर त्याचा पहिला हल्ला होतो.

अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना मज्जा दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील कोणीही दीर्घकाळ जगले नाही. १९५९ मध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली. या रोपाने जीव धरला, दुय्यम व्याधी झाली नाही; परंतु काही महिन्यांत ल्युकेमिया परतला. ही लहानशी नोंद वाचकाने लक्षात ठेवावी. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला आणि किरणबाधा झालेल्यांना पॅरिसला नेण्यात आले. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना स्वेच्छेने पुढे आलेल्या फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. चार जण वाचले. त्या मज्जेमुळे वाचले की तिच्याविनाही वाचले असते, यावर पुढे बराच वाद झाला. माते यांचा ल्युकेमियाचा एक रुग्ण रोपणानंतर सुमारे वीस महिने जगला, हे वृत्त १९६० च्या दशकात आशेचे वाटले.

आशा मात्र फळली नाही. १९७० साली मॉर्टिमर बोर्टिन यांनी १९३९ ते १९६९ या काळातील प्रसिद्ध झालेल्या २०३ रोपणांचा आढावा घेतला, तेव्हा जवळजवळ सर्व प्रयत्न फसल्याचे दिसले. अनेक संशोधकांनी हे क्षेत्रच सोडून दिले. सिॲटलला गेलेल्या थॉमस यांनी ते सोडले नाही. जाँ दोसे आदींच्या कामातून ऊतिजुळणीचे गमक हाती आले होते : सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक. १९७७ मध्ये थॉमस यांच्या गटाने उपचारांना दाद न देणाऱ्या तीव्र ल्युकेमियाच्या १०० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतले १३ जण रोगमुक्त जगत होते. शंभरात तेरा ही संख्या आज कोणाला किरकोळ वाटेल. त्या शंभर जणांपुढे दुसरा कोणताही मार्ग नव्हता, हे ध्यानात घेतले की तिचा अर्थ कळतो.

जो बाधतो, तोच तारतो

१९७९ साली सिॲटलच्याच पॉल वायडेन आणि सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांना दात्याच्या पेशींचा हा उपद्रव झाला, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण इतरांहून कमी होते. जुळ्यांमध्ये तो का परतला, याचे उत्तर येथे होते. रोगाच्या उरलेल्या पेशी मारण्याचे काम केवळ रसायने आणि किरण करत नव्हते. पाहुण्याचे सैन्य करत होते. त्वचा सोलणारे आणि ल्युकेमिया संपवणारे हात एकाच शरीराचे होते. बार्न्स आणि लौटिट यांनी १९५६ मध्येच ही शक्यता सुचवली होती. मधल्या तेवीस वर्षांत सर्वांचे लक्ष उपद्रव टाळण्याकडे लागल्यामुळे ती मागे पडली.

१९८० च्या दशकात एक स्वाभाविक वाटणारा प्रयोग झाला. उपद्रव करणाऱ्या टी-पेशी दात्याच्या मज्जेतून आधीच काढून टाकायच्या आणि उरलेली मज्जा द्यायची. उपद्रव खरोखरच कमी झाला. पण रोपे जीव धरेनाशी झाली आणि ल्युकेमिया अधिक वेळा परतू लागला. बाधा काढून घेतली, तशी गुणालाही ओहोटी लागली. १९९० मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींनी हेच पक्के केले. त्याच वर्षी जर्मनीत हान्स-योखेम कोल्ब यांनी ल्युकेमिया परतलेल्या रुग्णांना त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, म्हणजे एका अर्थी उपद्रवच टोचला, आणि रोग माघारी गेला. थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही १९९० मध्येच.

'दुष्परिणाम' हा शब्द या ठिकाणी अपुरा पडतो. काव्यशास्त्र शिकताना आपण गुण आणि दोष वेगवेगळ्या रकान्यांत मांडतो. एखाद्या थोर कलाकृतीत मात्र जिला दोष म्हणावे तीच गोष्ट तिच्या शक्तीचा उगम असल्याचे आढळते आणि रकाने मोडतात. मूलपेशीरोपणाचा अनेक दशकांचा इतिहास हा असे रकाने मोडण्याचा आणि मग त्या दोन टोकांमध्ये तोल शोधण्याचा इतिहास आहे. एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात हा तोल सांभाळू लागले. पण पाहुण्याच्या सैन्याला आवरणारे औषध बाहेरच्या शत्रूला दारही उघडून देते. एका बुरशीने दिलेले औषध घेणाऱ्या रुग्णाला दुसऱ्या बुरशीपासून जपावे लागते. जोतिबाच्या गुलालाचा निषेध येतो, तो येथून.

परळ, १९८३

महाराष्ट्रात या इतिहासाचा धागा ल्युकेमियापासूनच सुरू होतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. पुढच्या वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले; १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुबाँबच्या भीतीतून जन्मलेला उपचार भारतात अणुऊर्जा विभागाच्याच रुग्णालयात प्रथम यशस्वी व्हावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे. डॉ. सुरेश अडवाणी सिॲटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांच्या खुर्चीतून रुग्ण पाहत. १९८३ साली त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली.

या घटनेकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. रोपण यशस्वी झाल्यावर रुग्णाच्या शरीरातील रक्त दात्याचे होते. रक्तगट वेगळा असेल तर तो बदलतो. बहिणीच्या रक्तात भावाची गुणसूत्रे वाहू लागतात. 'रक्ताचे नाते', 'हाडीमासी खिळणे', 'रक्तात भिनणे' हे आपले वाक्प्रचार या ठिकाणी अलंकार राहत नाहीत. लहानपणी टोचून घेतलेल्या लसींची शरीराला असलेली आठवणही बव्हंशी पुसली जाते आणि त्या सर्व लसी मोठ्या माणसाला बाळासारख्या पुन्हा घ्याव्या लागतात.

आणखी एक उपद्रव आहे, जो वैद्यकाच्या श्रेणींत बसत नाही. रोपणानंतर साधारण शंभर दिवस रुग्णाला केंद्राच्या जवळपास राहावे लागते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या कुटुंबासाठी शंभर दिवस म्हणजे एक हंगाम, एक नोकरी किंवा मुलांचे एक सत्र. परळच्या पदपथांवर राहणारे रुग्ण आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हेही या इतिहासाचे भाग आहेत. ज्याने गर्दी आणि धूळ टाळायची, त्यालाच मुंबईत निवारा शोधावा लागतो.

अश्रूंचे काय झाले

'आनंद' (१९७१) किंवा 'अँखियों के झरोखों से' (१९७८) अशा चित्रपटांनी कर्करोगाची एक प्रतिमा आपल्या मनात रुजवली. देखणा, हसतमुख, तरुण मृत्यू, बाकीच्यांनी रडायचे. १९७८ मध्येच सुसान सोंटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात दाखवले, की क्षयरोगाभोवतीच्या प्रणयरम्य वलयाचा काही भाग आधुनिक काळात ल्युकेमियाकडे आला आहे. त्या प्रतिमेत मागाहूनचे काही नसते. कथा मृत्यूपाशी संपते, म्हणून वाचलेल्या माणसाला तिच्यात जागाच नाही.

वाचलेल्यांच्या बाबतीत उपद्रव जुनाट रूप घेतो. त्वचा घट्ट होते, सांधे वळत नाहीत, लाळ सुटत नाही, श्वासनलिका आकसतात, स्टिरॉइडने चेहरा सुजतो आणि हाडे ठिसूळ होतात. अश्रुग्रंथी सुकतात. ज्या रोगावर आपल्या चित्रपटांनी प्रेक्षकांना इतके रडवले, त्यातून वाचलेल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. दिवसभर थेंब घालून डोळे ओले ठेवावे लागतात. हे सर्वांनाच होते असे नाही, आणि स्वतःच्याच पेशी परत दिल्या जातात त्या प्रकारच्या रोपणात हा उपद्रव सहसा नसतो. तेथे रोग परतण्याची भीती अधिक असते. तोल येथेही तोच आहे.

१९७४ मध्ये ग्लुक्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी या उपद्रवाच्या श्रेणी ठरवल्या. पुरळ किती त्वचेवर, बिलिरुबिन किती, जुलाब किती मिलिलीटर. त्यावरून पहिली ते चौथी श्रेणी. मोजपट्टी आवश्यकच होती. पण जुनाट उपद्रवाचे असे मोजमाप पुरेना. २००२ मध्ये स्टेफनी ली यांनी रुग्णालाच त्याच्या त्रासाविषयी विचारणारी प्रश्नावली तयार केली, आणि २००५ च्या अमेरिकी परिषदेने दिवस मोजून तीव्र आणि जुनाट असा भेद करणे सोडून लक्षणांचे वर्णन निर्णायक मानले. रुग्णाचे सांगणे पुराव्यात जमा झाले, ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे. मोजता न येणारे शब्दांतच सांगावे लागते.

सोंटॅग यांच्यावर स्वतःवर ही वेळ आली. आधीच्या कर्करोगांच्या उपचारांशी ज्याचा संबंध जोडला जातो, असा मज्जेचा विकार त्यांना २००४ मध्ये झाला. त्यांनी सिॲटलला जाऊन मज्जारोपण करून घेतले. रोग परतला आणि २८ डिसेंबर २००४ रोजी त्या वारल्या. त्यांचा मुलगा डेव्हिड रीफ यांनी २००८ च्या पुस्तकात त्या महिन्यांविषयी लिहिले. रूपकांविना आजार पाहावा असे सांगणाऱ्या लेखिकेच्या देहाची ती नोंद आहे, आणि रोपणाच्या इतिहासात फसलेल्यांचीही बाजू असते याची आठवण आहे.

तोल

गेल्या वीस वर्षांत हा तोल पुष्कळ सुधारला. सायक्लोफॉस्फमाइड हे युद्धातील विषारी वायूच्या कुळातले जुने औषध; जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी देऊन अति चेकाळलेल्या टी-पेशी तेवढ्या टिपल्या. त्यामुळे आईवडील किंवा मुले अशा अर्ध्या जुळणाऱ्या दात्यांची मज्जाही चालू लागली. ज्या देशात ऊतिप्रकारांचे वैविध्य प्रचंड आणि दात्यांच्या नोंदवह्या तोकड्या, तेथे याचे महत्त्व सांगायला नको. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या उपद्रवासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिबला मान्यता मिळाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी उपचारालाही मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना रोग ओळखायला शिकवतात. त्यालाही त्याचा उपद्रव आहेच : जागे झालेले सैन्य कधीकधी सबंध शरीरात ज्वराचा वणवा पेटवते. सैन्य जागे झाल्याखेरीज गुण नाही, आणि जागे झाले की बाधेचे भय आहे.

म्हणून रोपण झालेल्या माणसाला 'बरा झाला' किंवा 'बरा झाला नाही' या दोन शब्दांत बसवण्याची घाई आपण करू नये. तो एक तिसरी अवस्था जगत असतो. नातलग म्हणतात, आता तर रिपोर्ट चांगले आहेत, मग यात्रेला का येत नाही? प्रश्न प्रेमाचाच असतो. त्याचे उत्तर त्याच्या पांढऱ्या पेशींत आणि अजून चालू असलेल्या गोळ्यांत असते, आणि ते देण्यासाठी त्याच्याजवळ भाषा नसते. 'दुष्परिणाम' हा शब्द त्याला पुरत नाही, 'नशीब' हा शब्द त्याला न्याय देत नाही. मराठीत आजाराविषयीचे लेखन पुष्कळ आहे, मृत्युलेखही कमी नाहीत. वाचल्यानंतरच्या वर्षांचे, कोरड्या डोळ्यांचे आणि पुन्हा घेतलेल्या बाळलसींचे गद्य मात्र अजून लिहिले जायचे आहे. आपल्या वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला ते लिहावेसे वाटले, तर शब्दांची सुरुवात घरातच आहे : गुण, बाधा, उपद्रव, रोप.